इंदूबाईंच्या पेटीचं झाकण

ढाणकीच्या बाजारात अब्दुल गनींच्या दुकानाला पाटी नव्हती आणि कधी तिची गरजही पडली नाही. तीस वर्षं त्यांनी गावाचे रेडिओ-टीव्ही बोलते केले. आता लोक बिघडलेली वस्तू सरळ फेकून देत, पण गनीभाऊंचा तोरा उतरला नव्हता. "माह्या हातची चीज वापस येत नाही," असं ते चारचौघांत ऐकवत.

बोंडअळीच्या सालात शेजारच्या इंदूबाईंची कपाशी हातची गेली. तेव्हा त्यांनी गावरान कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं. अंडी उबवायची पेटी गनीभाऊंनीच बनवून दिली: लाकडी खोकं, आत बल्ब आणि पंखा, लाइट गेली तर इन्व्हर्टर. पहिली साठ अंडी वाया गेली. पुढची साठही गेली.

"माह्या हातालेच यश नाही, गनीभाऊ," तिसरी खेप मांडताना इंदूबाई म्हणाल्या. "ही शेवटची. नाही साधलं तं पेटी वापस घेऊन जा."

ते वाक्य गनीभाऊंच्या जिव्हारी लागलं. त्यांची लेक शगुफ्ता यवतमाळला तंत्रनिकेतनात शिकवायची. तिने ईदला दिलेला आर्डुइनोचा बोर्ड, तळहातावर मावणारा छोटा संगणकच तो, त्यांनी कपाटातून बाहेर काढला. पेटीतलं तापमान मिनिटामिनिटाला मेमरी कार्डावर लिहून ठेवायचं, म्हणजे चोर सापडेल, असा बेत. कार्डाच्या खाचेला तारा जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली. त्यांनी आधी बनवणाऱ्याचा उद्धार केला, मग चष्मा लावला आणि तारा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी कार्ड दुकानातल्या जुन्या संगणकात घातलं, तर फाइल कोरी!

"अब्बा, फाइल बंद कधी करता?" शगुफ्ताने फोनवर विचारलं.

"दिवसभराचं लिहून झाल्यावर."

"आणि तोवर लाइट किती वेळा जाते?"

लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत बोर्ड क्षणभर बंद पडायचा, आणि उघड्या फाइलीतलं सगळं जायचं. जन्म ढाणकीत काढून माणसाने लाइटीवर भरवसा ठेवला होता! एक ओळ लिहायची, फाइल बंद करायची, पुढच्या मिनिटाला पुन्हा उघडायची, हे शगुफ्ताने सांगितलं आणि त्यांनी मुकाट्याने केलं.

चार दिवसांचे आकडे त्यांनी कागदावर उतरवून घेतले. रात्री पेटी साडेसदतीस अंशांवर शहाण्यासारखी राहत होती. दिवसा मात्र बाराला, दोनला, चारला घसरायची. गनीभाऊंच्या लगेच लक्षात आलं. बाळंतिणीचं बाळ बघायला यावं तसं लोक अंडी बघायला येत, आणि इंदूबाई प्रत्येकाला चहा देऊन झाकण उघडून दाखवत.

चोर सापडला! ते तरातरा निघाले आणि दारातच थबकले. कागदावरची सगळ्यात मोठी घसरण रोज सकाळी नऊची होती. चांगली पाऊण तासाची.

रोज नऊला पेटीपाशी ते स्वतःच असत. दुकान उघडण्याआधी इंदूबाईंकडे जाऊन, झाकण वर करून, पंखा कुठला नि बल्ब किती वॅटचा हे जमलेल्या माणसांना समजावून सांगत.

तो कागद वाचणारं गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. नऊचे आकडे गाळले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. तसं त्यांच्या मनात आलंही, खोटं कशाला बोला. पण 'माह्या हातालेच यश नाही' हे इंदूबाईंचे शब्द कानातून जाईनात.

"बाई, तुमच्या हाताचा कसूर नाही," इंदूबाईंच्या अंगणात ते म्हणाले. "झाकण उघडू उघडू अंडे मीच थंडे केले. लोकायनं थोडे, मी जास्त."

इंदूबाईंनी त्यांच्या हातातल्या कागदावर एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "आता कोणीच उघडाचं नाही. तुमीबी नाही."

त्याच दुपारी गनीभाऊंनी काच बसवलेलं नवं झाकण आणून लावलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. सवयीने त्यांचा हात झाकणाकडे गेला, आणि इंदूबाई खेकसल्या, "हात मांगं!"

गनीभाऊंनी मुकाट्याने काचेला नाक लावलं. आत एक ओलं पिल्लू कवचातून अर्धं बाहेर आलं होतं, पलीकडे दुसरं अंडं हलत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"गनीभाऊ," मागून इंदूबाई म्हणाल्या, "पेटी वापस भेटनार नाही बरं."