रामटेकची दुसरी लाइन

रुपराव मेंढ्यांना ट्रंक एक्स्चेंजात सगळे ‘मास्तर’ म्हणत. शिकवायचे काही नाही, कॉल मोजायचे. काटोल, उमरेड, रामटेक, कुठूनही कुठं बोलायचं तर कॉल नागपुरातूनच जायचा. कोणत्या गावाला किती लाइनी द्यायच्या, लाइन भरली तर कॉल कुठून फिरवायचा, हे मास्तरांच्या तक्त्यावर ठरे. साहेब नुसती सही ठोकायचे.

हिशेब मोठा चोख! महिन्याच्या शेवटी गावोगावच्या पोस्टातून कॉलच्या चिठ्ठ्या येत. बोलणं झालेल्या मोजायच्या, रद्द झालेल्या टोपलीत. “जे बोलणं झालंच नाही, ते काहून मोजाचं गा?” असं ते नव्या ऑपरेटरला सुनवत. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात याच हिशेबानं त्यांनी रामटेकची दुसरी लाइन काढून काटोलच्या संत्रेवाल्यांना दिली. भंडाऱ्यावरून फिरणारा रस्ताही बंद केला, कारण तिकडून एका बोलण्यापायी दोन लाइनी अडकायच्या. अन् पोटची लेक गोपिका रामटेकातच नांदत होती! पण घरच्यासाठी आकडा वाकवतील तर ते मास्तर कसले?

दिवाळीनंतर धान बाजारात आलं. गोपिकेचे दिवस भरत आले होते. एका सोमवारी सकाळी तिला रक्त जायला लागलं, ते थांबेना. डॉक्टर म्हणाले, नागपूरहून अँब्युलन्स मागवा, ताबडतोब. जावई रवींद्र धावत पोस्टात गेला, अर्जंट कॉल लावला. त्याच्या पुढं धानवाल्यांचे सात अर्जंट होते. त्यानं हात जोडले, “भंडाऱ्यावरून तरी लावा जी!” ऑपरेटर बिचारा काय करणार? भिंतीवर मास्तरांचा तक्ता होता आणि त्या रस्त्यावर लाल काट मारलेली होती.

त्या वेळी मास्तर नागपूरच्या एक्स्चेंजात, रामटेकचे कॉल घेणाऱ्या बोर्डापासून वीस पावलांवर बसून पुढचा तक्ता आखत होते. देवा, वीस पावलं!

दोन तासांनी रवींद्रनं कॉल रद्द केला आणि गोपिकेला धानाच्या ट्रकात घातलं. वाटेत मनसरपाशी ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

तेरवीला जावई एवढंच बोलला, “मामाजी, मी दोन तास लाइन मागून राहिलो होतो.”

मास्तर कामावर आले तर टेबलावर महिन्याचा गठ्ठा; रद्द चिठ्ठ्या नव्या ऑपरेटरनं आधीच काढून टोपलीत टाकलेल्या. त्यांनी रामटेकच्या चिठ्ठ्या मोजल्या. एक लाइन पुरत होती. पुन्हा मोजल्या, तरी तेच. मग टोपलीकडं धावले. ती रिकामी होती. शिपायानं सकाळीच रद्दी शेगडीत घातली होती.

ते साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. “साहेब, रामटेकले दुसरी लाइन द्या.”

साहेबांना वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण ते म्हणाले, “आकडा दाखवा, मास्तर. लगेच सही करतो.”

मास्तर जागेवर परतले. तक्त्यावर रामटेकपुढं त्यांनी ‘एक’ लिहिलं आणि कागद सहीला पाठवला.