कमलक्कांचा गॅसचा नंबर लागला

मंडळी, सायबर कॅफेतून घाईतच लिहितोय, पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी खासगी गॅसची एजन्सी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी चिकपेट भागातल्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक कमलक्कांचा फोन आला, "अण्णा, स्वल्प, जरा येऊन जा." गेलो तर माझा सिलिंडर दाराबाहेर काढलेला. आत सरकारी कंपनीचा नवा सिलिंडर, हळदकुंकू लावलेला, वर जास्वंदीचं फूल.

इतक्या वर्षांनी सरकारी गॅसच्या यादीत त्यांचा नंबर लागला होता.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमचा गॅस मागितल्या दिवशी येतो. पण हा फार स्वस्त पडतो हो."

मला गॅस ज्या भावात मिळतो, त्याहून कमी भावात तो त्यांना घरपोच मिळतो. मधला फरक सरकार भरतं. माझ्या गॅसचा कोण भरणार? नुसत्या वेळेवर देण्याने आणि गोड बोलण्याने किती दिवस निभावणार?

मग त्या संकोचत म्हणाल्या, "रेग्युलेटर जोडायची भीती वाटते. तुम्हीच जोडून द्याल?"

"सरी," बरं, म्हटलं. जोडला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. त्याच गॅसवर त्यांनी मला कॉफी करून दिली. माझा सिलिंडर स्कूटरला बांधून परत आलो.

त्यांच्यावर रागावताही येत नाही. एजन्सी घेण्याआधी मीही सरकारी गॅससाठी नंबर लावला होता. तो अजून रद्द केलेला नाही.

उद्या तो लागला, तर बायकोला काय सांगू?