रांगोळीने आखलेली जागा

त्या वर्षी पितृपक्षात माझी देवावरची श्रद्धा अगदी पातळ झाली होती. लिहायला संकोच वाटतो, पण खरं ते खरं. माझ्या सासूबाईंना आम्ही घरात सगळेच माय म्हणतो. उन्हाळ्यात मायना अर्धांगाचा झटका येऊन गेला. जीव वाचला, पण उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते की बोलणं परत येऊ शकतं, हातही हलू लागेल, पण त्यांना माणसांत ठेवा, हाताला काही ना काही करायला द्या. आणि आम्ही काय केलं, तर त्यांना स्वयंपाकघरामागच्या त्यांच्या लहान खोलीत नेऊन निजवलं. त्या खोलीची खिडकी शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडते. माय दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. भरवायला बसलं तर दोन घास खाऊन तोंड मिटायच्या. ज्या बाईने जन्मभर तुळजापूरच्या आईचं नवरात्र कडक पाळलं, तिचं असं व्हावं आणि देवीने नुसतं बघत राहावं, याचा मला फार राग येई. दिवा रोज लावायचे मी, पण हात जोडले की मनात भांडण सुरू व्हायचं.

आणि घरात एक अख्खी खोली रिकामी होती. आमचं घर छावणीच्या अलीकडे. रस्त्याच्या बाजूची, पूर्वेच्या खिडकीची, घरातली सगळ्यांत मोठी नि उजेडाची ती खोली कायम बंद असायची. ती भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. ते पुण्यात नोकरीला, दसऱ्या-दिवाळीला चार दिवस येणार. धाकट्याला आपलं घर परकं वाटू नये म्हणून घर बांधलं तेव्हाच मायनी ती त्यांच्या नावाने ठेवली होती. आत भला मोठा डबलबेड आणि आरशाचं कपाट, त्यावर अजून प्लास्टिक. आम्ही बाकीचे उरलेल्या घरात एकमेकांच्या पायांत पाय अडकवत राहायचो. दहावीतली लेक कुकरच्या शिट्ट्या ऐकत जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची, माझं शिलाई मशीन जिन्याखाली, ह्यांच्या ऑफिसच्या फायली सोफ्यावर.

माझ्या मनाने घेतलं की ती खोली उघडायची. पाहुण्यांची नाही, एकट्यादुकट्याची नाही, सगळ्यांची करायची. पूर्वेच्या खिडकीखाली मायची खाट, एका भिंतीला लेकीचं टेबल, कोपऱ्यात माझं मशीन, टीव्ही तिथेच, आणि कोणी आलं-गेलं तर जमिनीवर गादी. मायना चोवीस तास माणसं दिसली पाहिजेत, एवढाच माझा हेका. मी हट्टी आहे हे माहेरचे आणि सासरचे दोघेही एकमताने सांगतात. पण ह्यांचा हट्टही काही कमी नाही.

"मायनं तोंडानं सांगितलं तरच हालंल ती खोली," हे म्हणाले. "तिनं भावाला दिलेली जागा मोडणारा मी कोण?"

माय बोलत नाहीत हे मला माहीत होतं नि ह्यांनाही. शेवटी रडूनभेकून एवढं पदरात पडलं की दसऱ्यापर्यंत काय करायचं ते कर. दसऱ्याला भाऊजी आले की पलंग परत जागेवर लागेल, आणि तोवर माय स्वतःहून काही बोलल्या तर गोष्ट वेगळी. मला मनातून कळत होतं की ही अट म्हणजे सभ्य भाषेतला नकार आहे. आणि खरं सांगायचं तर एक शंका मलाही टोचत होती. बाई बोलती असताना तिने जे ठरवलं, ते ती मुकी झाल्यावर मी मोडायला निघाले होते.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं धुऊन निघतं, गोधड्यांपासून पडद्यांपर्यंत. त्या निमित्ताने मी ती खोली उघडली, सुताराकडून पलंग सुटा करून घेतला आणि फळ्या व्हरांड्यात उभ्या केल्या. गादी गुंडाळून त्याच खोलीत भिंतीशी टेकवली. नेमकी त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातली देव्हाऱ्यामागची भिंत ओलीने फुगली. प्लास्टर काढावं लागलं, म्हणून देव दोन दिवसांपुरते चौरंगावर बसवून मोठ्या खोलीत आणले. आणि मिस्त्री जो गायब झाला, तो झालाच.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी खिडकीखाली मायच्या खाटेची जागा आखली. खडू सापडेना, म्हणून रांगोळीनेच लांबरुंद चौकोन काढला. सकाळी मी फुलं आणायला गेले. जवळच्या कर्णपुऱ्यातल्या देवीच्या जत्रेची गर्दी पहाटेपासून रस्त्यावर होती, त्यात मला उशीर झाला. परत येऊन बघते तर ह्यांनी सोवळं नेसून घट बसवलेला. हर्सूलकडच्या शेतातून आणलेली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर घट, शेजारी नंदादीप. सगळं अगदी माझ्या चौकोनाच्या मधोमध.

"तूच रांगोळी घालून ठेवली व्हती ना?" हे माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. "मला वाटलं घटाचीच जागा."

मी फुलांची पिशवी घेऊन दारातच बसले. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत त्याला हलवत नाहीत. म्हणजे मायची खाट तिथे येणार नाही, आणि घट उठेल त्या दिवशी माझी मुदतही संपलेली. देवीने माझीच जागा घेतली, असं माझ्या मनात आलं, आणि ते भक्तीने आलं नव्हतं.

आमच्या घरच्या दोन रीती आहेत. देव बसलेले असताना ती खोली रिकामी सोडायची नाही, कोणीतरी दिव्याजवळ असलंच पाहिजे. आणि घटावरची रोजची माळ घरातल्या थोरल्या बाईने ओवायची. ती थोरली बाई तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. पहिल्या दिवशी मी परातीत झेंडू आणि सुईदोरा घेऊन तिच्या खाटेजवळ गेले. लुळ्या बोटांत बारीक सुई दिली, ती निसटून चादरीत पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. मायनी डोळे मिटले. माळ मी ओवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मायना उचलून घटासमोर नेऊ म्हटलं तर हे तयार होईनात. मागे एकदा खुर्चीत बसवताना त्या घसरल्या होत्या, तेव्हापासून ह्यांनी धसका घेतला होता.

तिसऱ्या दिवशी हे ऑफिसला, लेक शाळेत. मी घटासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुला माळ हवी तर तिच्याच हातची घे. मी काय करायचं ते मी करते, पुढचं तुझं तू बघ." ही प्रार्थना होती की धमकी, मला आजही सांगता यायचं नाही. पदर खोचून मी मायच्या खोलीत गेले. त्यांच्या पाठीखाली हात घातला, पण एकटीने काही जमेना. तेवढ्यात फाटकाशी आवाज आला, "गादी पिंजवाना है क्या, बाजी?"

व्हरांड्यातल्या पलंगाच्या फळ्या बघून गाद्या पिंजणारी एक बाई थांबली होती. मध्यम वयाची, अंगावर कापसाचे तंतू, तिचा नवरा पुढच्या गल्लीत गाडीवर असल्याचं तिने सांगितलं. मी नको म्हणणार होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, गादीचं राहू द्या, आमच्या सासूबाईंना उचलायला हात लावता का? तिने मला काही विचारलं नाही. "अकेले नक्को उठाओ, मैं पकडती," म्हणत आली. आम्ही मायना गोधडीवर घेतलं आणि तिने दोन टोकं, मी दोन टोकं अशी गोधडी धरली. मोठ्या खोलीच्या दाराशी तिने चप्पल काढली, दिवा पाहिला आणि थबकली.

"मैं अंदर आऊं ना?"

"या ना," मी म्हणाले. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि आत आली. मायना आम्ही त्या गुंडाळलेल्या गादीला टेकवून जमिनीवर बसवलं. बाईने जाता जाता सवयीने गादीची शिवण चाचपली, एक उसवलेली जागा दिसली तशी ओढणीत खोचलेली सुई काढून चार टाके घातले. मी चहा टाकायला गेले. परत आले तर ती निघून गेली होती. फाटकाबाहेर, पुढच्या गल्लीत, कुठेच दिसली नाही.

मी आत येऊन दिव्याची काजळी झाडली, तेल घातलं. मागे काहीतरी सळसळलं म्हणून वळून बघितलं. बाई आपली सुई गादीत विसरून गेली होती, गादी शिवायची लांब जाड सुई, दोरा ओवलेली. ती मायच्या उजव्या मुठीत होती. बारीक सुई ज्या बोटांत ठरत नव्हती, त्यांत ही ठरली होती. घटासमोरच्या परातीतला झेंडू डाव्या हाताने उचलून माय त्या सुईवर दाबत होत्या. पहिलं फूल फाटलं, दुसरं तिरकं गेलं, तिसरं नीट बसलं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. माय मात्र माझ्याकडे बघतही नव्हत्या, पुढचं फूल शोधत होत्या.

माळ वेडीवाकडी झाली, वीतभरसुद्धा नव्हती. संध्याकाळी हे आले, ती घटावर लोंबताना बघितली, मायना खाली बसलेलं बघितलं, आणि कपडे न बदलता आईच्या शेजारी बसून राहिले. त्यानंतर मायना मागच्या खोलीत न्यायची गोष्ट कोणी काढली नाही.

खोली मी ठरवली तशी झालीच नाही. खाट उलट्या बाजूच्या भिंतीला गेली. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद, आश्विनातलं ऊन, सगळे घामाने निथळतोय. पण खोली रिकामी सोडायची नाही म्हणून प्रत्येकाचं बिऱ्हाड तिथे आलं. लेक पाट मांडून गणितं सोडवायची, मी भगर निवडायचे, मशीनवर फॉल लावायचे, हे फायली घेऊन मांडी घालून बसायचे. माय मधोमध. त्यांच्या डाव्या हातात पुठ्ठ्याचा पंखा असायचा आणि त्या लेकीला वारा घालायच्या. सगळ्यांच्या देखत बसल्यावर त्यांना भूकही लागू लागली. घटाखालचं धान्य पूर्वेच्या उजेडात कसं तरारून वर आलं, तेही त्या टक लावून बघायच्या. रोजची माळ आदल्या दिवशीपेक्षा थोडी लांब होत गेली. बोलणं तेवढं नव्हतं. घशातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही.

दसऱ्याला भाऊजी सकाळीच आले. बॅग हातात धरून ते दारातच उभे राहिले. त्यांच्या खोलीत मशीन, दप्तर, औषधाच्या बाटल्या आणि आई. त्यांचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. ह्यांनी आरती करून घट उठवला, धान्याचे पिवळे तुरे सगळ्यांना दिले आणि खाली मान घालून म्हणाले, "देव उठले. आता मायला तिच्या खोलीत नेऊ. भाऊ, खाटेला हात लाव."

भांडायची मी तयारी करून ठेवली होती. सगळे मुद्दे पाठ होते. पण हरले नव्हते तरी त्या क्षणी तोंड उघडवेना. मनात इतकंच आलं की इथवर तू आणलंस, आता तूच काय ते कर. मी हात जोडून उभी राहिले. दोघे भाऊ मायच्या खाटेशी आले, वाकले.

"मला हलवू नका."

आवाज घोगरा होता, जीभ जड होती, पण शब्द सगळ्यांना कळले. ह्यांनी हात मागे घेतले. मायनी उजवा हात कसाबसा उचलून धाकट्याच्या मनगटावर ठेवला आणि जवळची जमीन दाखवली. "तू हितं नीज. माझ्यापाशी."

भाऊजी बॅग टाकून लहान पोरासारखे रडायला लागले. त्या रात्री आणि पुढचे चार दिवस ते त्याच गादीवर, आईच्या खाटेच्या पायथ्याशी झोपले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, पलंग विकून टाका. मी आता हितंच निजणार."

वाचा कशाने आली, याचं कारण डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आहे, आणि ते मला पटतं. गादीवाली बाई नेमकी त्याच वेळी का आली, सुई का विसरली, ह्यांनी माझी रांगोळी घटाची का समजली, हे मी कोणाला पटवायला जात नाही. तिला मी पुष्कळ शोधलं. तिची सुई देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आहे. ती कधी दारात आली तर तिची तिला द्यायची आहे, आणि तिचे हात हातात घ्यायचे आहेत. मला एवढंच कळलं की हट्ट धरणं माझ्या हाती होतं आणि ते मी केलं, याचं मला वाईट वाटत नाही. पण जागा देवीने ठरवली, आणि ती माझ्या जागेहून बरी होती. तेव्हापासून हात जोडले की मनातलं भांडण मिटलेलं असतं. निदान बहुतेक दिवशी.

माय आता तुटक तुटक का होईना, बोलतात. त्यांची खाट आता पूर्वेच्या खिडकीखाली आहे. देव्हाऱ्यामागची भिंत केव्हाच वाळली, पण नवरात्र जवळ आलं की घट कुठे बसवायचा हे मी विचारत नाही आणि काही आखूनही ठेवत नाही. गोधड्या धुऊन झाल्या की माय स्वतःच मला हाक मारतात.

"सूनबाई, मला सरकव जरा. तिला बसू दे."