शेजाऱ्यांचा गिअरबॉक्स

किहीमचे आमचे शेजारी नारळ उतरवायला आलेल्या माणसालाही मत विचारतात आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवताना कुठला गिअरबॉक्स घ्यावा, हे त्यांनी मलाही विचारलं. मी वेगाचा, डिझेलचा हिशेब करून पाच गिअरचा सांगितला.

त्यांनी दोन्ही गिअरबॉक्स अंगणात मांडून बायकोला हाक मारली. "चालवनार तू पन. दांडा हलवून बघ, हाताला कुठला सोपा जातो."

तिने चार गिअरचा निवडला.

"वहिनी, तुम्ही पन बघा," ते कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला म्हणाले. तिने पलीकडे जाऊन दांडा हलवला आणि खळखळून हसली. माझ्यासमोर ती तशी हसत नाही.

"शिकायचीय गाडी?" शेजाऱ्यांनी तिला विचारलं.

"हो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"हायवेला चार गिअर कमी पडतील," मी कुंपणाअलीकडून म्हणालो.