गूळ खाल्लेलं मॅगझिन

सावली गावच्या शाळेत चित्रकला शिकवणारे गुणवंतराव दरवर्षी चांद्याला नेमबाजीच्या सामन्याला जात आणि हरून परत येत. त्यांचं टार्गेट पिस्तूल वडिलांकडून आलेलं, बारीक गोळीचं, महायुद्धाच्या आधीचं. लोक म्हणत, मास्तर, हे म्हातारं आता खुंटीला टांगा. सत्तावन साली त्यांनीही हात टेकले. "यंदा नाई जिंकलो, त विकून टाकतो," असं बायकोला, मनकर्णाबाईंना, सांगून बसले. सांगितलं खरं, पण मग त्यांचं कशात चित्त लागेना.

दसऱ्याला पिस्तूल पाटावर आलं. शेजारी त्याचं मॅगझिन, म्हणजे मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची चपटी डबी. मनकर्णाबाईंनी पूजा केली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही, असा घरचा रिवाज. दुसऱ्या सकाळी पाटावरचं सगळं तसंच पेटीत गेलं आणि दोघं चांद्याच्या बसमध्ये बसली.

पहिली फेरी एकेक गोळी हातानं भरून मारायची होती. आणि काय सांगावं, गुणवंतरावांचा हात असा बसला, की लाकडाचे व्यापारी भैयाजी तेवढे त्यांच्या पुढे राहिले, तेही जेमतेम. आता शेवटची फेरी, पाच गोळ्या सलग. त्यांनी मॅगझिन काढलं, तर गोळी आत जाईना. डबीच्या तोंडात गूळ! उन्हानं पाघळून पार स्प्रिंगपर्यंत उतरलेला, वर अक्षता चिकटलेल्या.

झाडाखाली बसलेल्या मनकर्णाबाई पदर सावरत उठल्या. "मीच चारला. ज्याच्या तोंडात गोळ्या जातेत, त्याले निवद नको? आमच्या मास्तराले जिंकवजो म्हटलं."

या माणसावर रागवायचं तरी कसं? गुणवंतरावांनी डबी पाण्यात बुडवली, आपटली, झटकली. गूळ सुटला, पण तांदूळ स्प्रिंगमध्ये रुतून बसले. तिकडे त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

सामन्याला आलेल्या जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांचं पिस्तूल त्याच कंपनीचं, लढाईनंतरचं. त्यांनी आपलं मॅगझिन दिलं. ते आत गेलं आणि हात सोडताच टपकन खाली पडलं. जुन्या पिस्तुलात डबी अडवणारा खटका मुठीच्या बुडाशी होता. रेंजरसाहेबांच्या पिस्तुलात तो अंगठ्याखालच्या बटणावर गेला होता, त्यामुळे डबीची खाचही दुसरीकडे.

"झालं मग," कुणीतरी म्हणालं, "लेकाचं जुळेना, तिथं नातवाचं काय जुळते?" नातू म्हणजे भैयाजींचं पिस्तूल, त्याच कंपनीचं, अगदी नवंकोरं. गुणवंतरावांनाही ते पटलं. ते म्हातारं पिस्तूल पेटीत ठेवू लागले.

भैयाजींची फेरी कधीच आटोपली होती. ते नुसते गप्प बसले असते तरी चषक त्यांचाच होता. पण ते खुर्चीवरून उठले आणि आपलं मॅगझिन पुढे केलं.

"लावून त पाहा, मास्तर. ठेवून काऊन देऊन राह्यले?"

गुणवंतरावांनी ते सरकवलं. खट्! हात सोडला, तरी जागचं हललं नाही. कंपनीनं बटणाची हौस पुरवून घेतली होती आणि नव्या पिस्तुलात खटका परत बुडाशी आणला होता. आजा-नातवाचं गूळपीठ बघून मैदानात एकच कल्ला झाला. गुणवंतरावांना तो ऐकूच आला नाही. पाची गोळ्या काळ्या गोलात गेल्या, आणि भैयाजी मागे पडले.

भैयाजींनी आपलं मॅगझिन खिशात टाकलं आणि मनकर्णाबाईंना म्हणाले, "वयनी, पुढच्या दसऱ्याले माह्या बी मॅगझिनले गूळ चारा."

"त्याले कायले?" त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यानं त उपाशीच जिंकवलं."

मग त्यांनी पदराची गाठ सोडली, उरलेल्या निवदाचा खडा काढला आणि भैयाजींच्या तळहातावर ठेवला.