पुढचा अंक

छापखान्यावरून जाताना शाईचा वास आला, की पांढरकवड्याची ती दुपार आठवते. लहान धंद्यांवरचं आमचं तोट्यातलं मासिक आता बंद करायचं, असं यांनी नुकतंच जेवताना सांगितलं होतं. तेवढ्यात मारेगावकडची एक बाई दारात आली. तिनं पिशवी उघडली आणि उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू सावकाश तरंगू लागले.

"कापसाले भाव नाही. तुमचं वाचून आमी बायका वाती वळून राह्यलो. आता इकाव्या कुठं, थे पुढच्या अंकात सांगा ना बाप्पा!"

यांनी कागद पुढे ओढला. म्हणाले, "बसा. किती जणी आहात तुम्ही?"

बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. तेव्हा मला खर्चाची धास्ती वाटली होती. आज वाटतं, आमचं मासिक खरं सुरू झालं ते त्या दुपारी.