दादा पोचला खालापूरला

माझा थोरला भाऊ मुंबईत राहतो आणि बोलतो. आणखीही काही करत असेल, पण आमच्या वाट्याला आलं ते त्याचं बोलणंच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तो रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या घरी आला, चार दिवस आंबे खाल्ले आणि पाचव्या दिवशी मला म्हणाला, "अगं, तुझी पगाराची स्लिप म्हणजे सोनं आहे. बँकवाले घरी येऊन कर्ज देतील." मी सरकारी कचेरीत कारकून. त्याचं स्वतःचं नाव बँकांनी काळ्या यादीत का टाकलं होतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी माझ्या नावावर आली आणि चावी त्याच्या खिशात गेली. हप्ते तो भरत होता, खोटं कशाला बोलू. पण त्या गाडीत मी एकूण दोनदा बसले. त्यातल्या एकदा भाट्याच्या समुद्रावर, अर्ध्या तासासाठी.

मालक मी, म्हणून कागदावर मोबाईल नंबरही माझाच. टोलच्या टॅगलाही एजंटने तोच लावला. टॅगमध्ये पैसे दादा भरायचा, पण कुठल्या नाक्यावर किती वाजता कापले गेले त्याची खबर माझ्या फोनवर यायची. मी कचेरीत जावक नोंदवहीत आकडे घालत असायचे आणि फोन थरथरायचा. खालापूर. तळेगाव. घोटी. आईला भेटायला त्याला वर्षातून एकदा सवड मिळायची, पण घोटीला तो बराच जायचा.

मग चलनं यायला लागली. सिग्नल तोडला. पट्टा लावला नाही. गाडी चालवताना फोनवर बोलत होता. मी त्याला मेसेज पुढे पाठवला की त्याचं उत्तर ठरलेलं, "भर गो तू, देतो मी." देतही असे, तिसऱ्यांदा आठवण केल्यावर. चलन भरायचं काम मात्र माझं. मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी सरकारच्या चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर टाकायचे. मग चासिसचे शेवटचे आकडे. मग वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं. तीस वर्षं सरकारची चाकरी केली, पण मी माणूस आहे की नाही हे सरकारने मला पहिल्यांदाच विचारलं. तिसऱ्या खेपेला अक्षरं जुळायची आणि साइट बंद पडायची. ज्याने सिग्नल तोडला तो तिकडे वातानुकूलित ऑफिसात बोलत बसलेला, आणि इथे माझी आमटी गार.

इतकं होऊनही मी ते चालू दिलं. मला स्वतःचीही तेव्हा कीव यायला हवी होती.

मागच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, आई परसातल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली. शेवाळ धरलं होतं, तिच्या हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं. पातेलं शाबूत राहिलं, खुब्याचं हाड मोडलं. आई अठ्ठ्याहत्तरची. आमच्या बौद्धवाडीतून शिकून मास्तरीण झालेली ती पहिली बाई. दापोली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिने पोरांना नकाशे शिकवले. वेदना कितीही असल्या तरी ती विव्हळत नाही, ओठ आवळते. रिक्षावाल्याने आणि मी तिला उचललं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हळू रे, माणूस आहे मी, पोतं नाय."

रत्नागिरीतल्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी शनिवारी सकाळी दहाला ऑपरेशन ठरवलं. मी दादाला फोन केला. तो एकदम गहिवरला. "मी आहे ना! शुक्रवारी रात्रीच निघतो. तू एकटीने कसली सही करू नकोस. आईला सांग, दादा आल्याशिवाय कोणी तुला आत नेणार नाही." हे सगळं त्याने स्पीकरवर सांगितलं, आणि आईने ते मनात धरलं.

शनिवारी सकाळी सव्वाआठला त्याचा फोन आला. "माणगाव सोडलं. ट्रॅफिक आहे गं भयंकर, पण येतो. दहाच्या आत नाही जमलं तर थोडं थांबायला सांग डॉक्टरांना."

मी फोन ठेवला आणि तो हातातच थरथरला. टोलचा मेसेज. माझ्या गाडीने आठ वाजून अकरा मिनिटांनी खालापूरचा नाका ओलांडला होता.

मी तो दोनदा वाचला. चूक असेल म्हणून गाडीचा नंबर ताडून पाहिला. खालापूर म्हणजे पुण्याचा रस्ता. माणगाव कुठे, खालापूर कुठे.

"कुठवर पोचला दादा?" आईने विचारलं.

"माणगाव," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं त्याची चलनं भरता भरता त्याची थापही मीच भरून टाकली.

आईने डोळे मिटले आणि ती रस्ता मोजायला लागली. वर्गात मोजायची तशी, एकेका गावाला एकेक बोट. "माणगाव सव्वाआठ. महाड. पोलादपूर. मग कशेडी. खेड, चिपळूण. संगमेश्वराला रस्ता खराब आहे. हातखंबा. दोन वाजतील गो. डॉक्टरांना सांग, दोनला करा."

डॉक्टर पावणेदहाला आले. तरुण होते, नीट बोलत होते. "आजी, दोनला मला दुसरी केस आहे. आज झालं नाही तर सोमवारवर जाईल. या वयात दोन दिवस असं पडून राहणं बरं नाही."

"मुलगा येतोय माझा. रस्त्यात आहे."

"ताई सही करतील की."

"तो येऊ दे," आई म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी बाहेर जाऊन दादाला फोन लावला. तीनदा वाजून बंद पडला. चौथ्यांदा त्याने उचलला. मागे गाणी लागली होती आणि बायका हसत होत्या. "महाडला आहे गं! नेटवर्क जातंय, ठेवतो."

मी आत आले. नर्स हिरवा झगा घेऊन उभी होती. मी आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि फोन तिच्यापुढे धरला. इंग्रजीतला मेसेज तिने अक्षरावर बोट ठेवून वाचला. नाक्याचं नाव वाचलं. वेळ वाचली. मग तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"खालापूर," ती म्हणाली. "तिथून रत्नागिरीला कोण येतो?" मग नर्सला म्हणाली, "दे बाय तो झगा. आणि हिच्याकडून सही घ्या."

ऑपरेशन चांगलं झालं. ते चाललेलं असताना मी बाकावर बसून होते, आणि खरं सांगायचं तर देहाचा कण नि कण आईसाठी झुरत होता असं काही नाही. मी संतापाने तो टोलचा मेसेज पुन्हा पुन्हा उघडत होते. दुपारी दोनला दादाचा फोन आला. गाडी कशेडीजवळ गरम झाली, मेकॅनिक मिळत नाही, बहुतेक परत फिरावं लागेल, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. त्याने मोठा सुस्कारा सोडला. "माझा जीव तिथेच आहे बघ."

त्याचा देह कुठे होता ते संध्याकाळी साडेपाचला कळलं. चलन आलं. लोणावळा, नो पार्किंग. त्या साइटला मी जन्मभर शिव्या घालीन, पण त्या दिवशी ती पहिल्या झटक्यात उघडली, आणि फोटो इतका स्वच्छ होता की लग्नाच्या अल्बमात लावावा. माझी गाडी एका चिक्कीच्या दुकानासमोर उभी. बॉनेटला टेकून दादा, अर्धी चड्डी, गॉगल. पाऊस पडत असताना गॉगल! हातात भाजलेलं मक्याचं कणीस. वहिनी छत्रीखाली. कणीस त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, बासरी धरावी तसं.

फोटो दुसऱ्या दिवशी आईलाही दाखवला, पण चलन मी तिथल्या तिथे भरलं. कायद्याने गुन्हेगार मीच.

सोमवारी दुपारी तो आला. डोळे लाल, केस विस्कटलेले. दवाखान्याच्या दारापासूनच "आई, आई" करत आला. खाटेजवळच्या टेबलावर त्याने चिक्कीचा डबा ठेवला. आईचे पुढचे चार दात नाहीत.

"कशी आहेस गं? काय सांगू, कशेडीला गाडीने असा दगा दिला..."

आईने त्याला पुरतं बोलू दिलं. मेकॅनिक आला, नळी फुटली होती, मागे वळावं लागलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "लोणावळ्यात पाऊस आहे काय रे?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी फोन उघडून फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग तोंडातून निघालं ते हे, "हा फोटो असा कोणाचाही काढतात म्हणजे काय? प्रायव्हसी काही आहे की नाही?"

मी हसले. वॉर्डातली पलीकडची बाई दचकून उठली.

मग सगळं बाहेर पडलं. ऑफिसातल्या लोकांबरोबर लोणावळ्याचं बुकिंग आधीच झालेलं, रद्द केलं तर पैसे बुडत होते, साहेब येणार होते, वहिनीनेच आग्रह केला. "आणि तशीही तू होतीस ना इथे," असं तो मला म्हणाला. चाळीस वर्षांत तो खरं बोलल्याचं मला एवढंच आठवतं.

तो रात्री परतला. दुसऱ्या दिवशी मी टॅगवाल्यांना फोन करून टॅग बंद करायला सांगितलं. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. गाडी विकली, टॅग खराब झाला की इतर? मी म्हटलं, इतर. पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला, मागे हॉर्नचा कल्लोळ. "अगं, टॅग चालत नाही! मागे लाईन लागलीय, लोक शिव्या देतायत, दुप्पट मागतायत इथे!"

"कुठल्या नाक्यावर आहेस?"

तो पुन्हा लाईनबद्दलच सांगायला लागला. मी फोन ठेवला. हे काही मोठेपणाचं काम नव्हतं, पण त्या रात्री मला झोप छान लागली.

आई महिन्याभरात वॉकर धरून ओटीपर्यंत यायला लागली. मला वाटलं, आता ती दादाबद्दल बोलेल. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती बोलली, पण माझ्याशी आणि माझ्याबद्दल. "त्याची सवय मला ठाऊक आहे. मुलगा आहे माझा. पण तुझ्या हातात तो मेसेज होता, आणि तू माझ्या तोंडावर माणगाव म्हणालीस."

"तुला त्रास नको म्हणून."

"मी मोडलेलं हाड घेऊन रस्ता मोजत बसले, गो. तेव्हा तुला दया आली नाय?"

मी केस विंचरत राहिले. तिने फणी माझ्या हातातून काढून घेतली आणि उरलेले स्वतःच विंचरले.

कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबरात भरून झाला. त्याच आठवड्यात मी दादाला बोलावून घेतलं आणि गाडी त्याच्या नावावर करायचे कागद ओटीवरच्या टेबलावर मांडले. तो म्हणाला, एवढी काय घाई, आपण काय परके आहोत? आई शेजारी खुर्चीत शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी प्रत्येक पानावर सही केली, पेन त्याच्या हातात दिलं आणि मोबाईल नंबराच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथे तुझा लिही," मी म्हणाले.